पालमूरच्या कोरडवाहूतली मंडळी : मेनोनाइट स्त्रियांची वाटचाल

बिदर जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणाऱ्यांचा हा मुलूख तूर, उडीद आणि ज्वारीवर जगणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी मिशनांनी हे संस्थान आपसांत वाटून घेतले. बिदर-गुलबर्ग्याचा भाग अमेरिकन मेथडिस्टांकडे आला, मेदक इंग्लिश वेस्लियनांकडे गेला. गुलबर्ग्याच्या पूर्व शिवेला भिडलेला महबूबनगर जिल्हा, म्हणजे लोकांच्या तोंडचा पालमूर, प्रथम अमेरिकन बॅप्टिस्टांकडे होता. पुढे तो मेनोनाइट ब्रदरन मिशनच्या हाती आला. महाराष्ट्रातल्या घरोघरी हा प्रदेश वेगळ्याच ओळखीने पोचलेला आहे. नारायणपेठी आणि गदवाल या दोन्ही साड्या याच भागातल्या गावांच्या नावाने ओळखल्या जातात. त्याच गावांच्या शिवारात खुरपणी-काढणी करणाऱ्या स्त्रियांनी गेल्या सव्वाशे वर्षांत एक मंडळी, म्हणजे चर्च, उभी केली. सभासदसंख्येने ती आज जगातल्या मोठ्या मेनोनाइट मंडळ्यांपैकी एक आहे.

मेनोनाइट म्हटले की घोडागाडी आणि डोक्यावरची पांढरी टोपी हे अमेरिकेतले चित्र डोळ्यांपुढे येते. पालमूरच्या मेनोनाइट बाईने यातले काहीच पाहिलेले नाही. तिचे नेसू सुती, बोली तेलुगू, आणि बहुतेक वेळा शेतही दुसऱ्याचे. तरी ही परंपरा दीर्घ काळ शेतकऱ्यांची राहिली आहे. १५२५ साली झुरिचमध्ये काही जणांनी प्रौढ वयात, स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा घेतला आणि राज्यसत्ता व चर्च या दोघांचाही रोष ओढवून घेतला. १५३६ मध्ये फ्रिसलंडमधला मेनो सायमन्स हा कॅथलिक धर्मगुरू पद सोडून या विखुरलेल्या लोकांत सामील झाला आणि पुढे त्यांना त्याचेच नाव चिकटले. तलवार हाती धरायची नाही, शपथ घ्यायची नाही, कळत्या वयात बाप्तिस्मा घ्यायचा, ही त्यांची तत्त्वे. छळ चुकवत ते व्हिस्चुला नदीच्या पाणथळ मुखाशी गेले. रशियाच्या कॅथरीन राणीने परक्या शेतकऱ्यांना बोलावल्यानंतर १७८९ पासून त्यांनी दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, वसाहती केल्या. १८०४ मध्ये मोलोच्ना ही मोठी वसाहत वसली. तिथेच १८६० च्या जानेवारीत काही कुटुंबांनी अधिक कडक आचाराची वेगळी वाट धरली. पालमूरची मंडळी स्वतःला मेनोनाइट ब्रदरन म्हणवते ते याच शाखेमुळे.

त्या वसाहतींतली एक रीत इथे नोंदवायला हवी. बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळे. शेतीवाडी आणि जनावरांचे मोल काढून वाटणी होई आणि अनाथ-विधवांचा हिस्सा सांभाळण्यासाठी वसाहतीची स्वतंत्र व्यवस्था असे. १८७४ पासून यांतली अनेक कुटुंबे अमेरिकेत कॅन्ससकडे निघाली, तेव्हा तांबड्या गव्हाचे बियाणे त्यांनी बरोबर नेले. घरातल्या लहान मुलीने एकेक टपोरा दाणा निवडून थैली भरली, अशी आख्यायिका तिकडे अजून सांगतात. ती खरी असो वा नसो, बियाणे निवडणे हे बाईचे काम, हे मराठी शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मेनोनाइट ब्रदरन मिशनचा भारतातला आरंभ मात्र अमेरिकेतून झाला नाही. तो रशियातून झाला. अब्राहम फ्रीसन आणि त्यांची पत्नी मारिया हे दांपत्य हॅम्बुर्गच्या बॅप्टिस्ट पाठशाळेतील शिक्षणानंतर १८८९ मध्ये भारताकडे निघाले आणि १८९० मध्ये निजामाच्या राज्यातील नलगोंडा येथे स्थायिक झाले. स्वतःची वेगळी संस्था न काढता त्यांनी अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनच्या छत्राखाली काम केले. दोन्ही पंथांत प्रौढांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत होती, त्यामुळे अडचण आली नाही. तेलुगू मुलखात त्याआधी मोठी उलथापालथ होऊन गेली होती. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर ओंगोल भागात दलितांनी गावेच्या गावे ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या लाटेचे पाणी नलगोंड्यापर्यंत पोचले. मोलोच्नाच्या गहू पिकवणाऱ्या घरांतून आलेल्या पैशावर इथे शाळा, दवाखाना आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले.

अमेरिकेतील मेनोनाइट ब्रदरन मंडळ्यांनी १८९९ मध्ये आपली पहिली तुकडी पाठवली. निकोलाय हीबर्ट, त्यांची पत्नी सूझी आणि एलिझाबेथ नॉयफेल्ड हे तिघे त्यात होते. तिघांत दोन स्त्रिया, त्यांतली एक अविवाहित. हैदराबादच्या मलकपेठ भागात त्यांनी बिऱ्हाड केले. हवामान मानवले नाही आणि प्रकृती ढासळल्याने हीबर्ट दांपत्याला १९०१ मध्येच परतावे लागले. काम तिथेच थांबायचे, पण थांबले नाही. १९०२ मध्ये पंक्राट्झ दांपत्य आले, १९०४ मध्ये डॅनियल बर्गथोल्ड सपत्नीक आले. मलकपेठेनंतर ह्यूजटाउन, मग दक्षिणेला नागरकर्नूल, आणि नंतरच्या काळात देवरकोंडा, वनपर्ती, कलवकुर्ती, शमशाबाद अशी ठाणी होत गेली. बर्गथोल्ड यांच्या पहिल्या पत्नी भारतातच वारल्या. त्या काळच्या मिशनरी घरांत आई किंवा मूल दगावले नाही असे घर शोधावे लागे. गावकऱ्यांच्या घरांचे तर विचारायलाच नको.

मिशनच्या या पहिल्या पर्वात सर्वांत ठसठशीत व्यक्तिमत्त्व डॉ. कॅथरिना शेलेनबर्ग यांचे. त्यांचा जन्म १८७० चा, दक्षिण रशियातला. १८७९ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेत गेले. आई लवकर गेली आणि थोरली मुलगी म्हणून घर त्यांच्या अंगावर पडले. परिचारिकेचे शिक्षण त्यांनी घेतले, पण भारतात जायचे तर तेवढे पुरणार नाही असे वाटून वयाच्या तिशीनंतर त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. कॅन्सस सिटीत १९०७ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच वर्षी त्या हैदराबादेस आल्या. स्वतःच्या मंडळीने भारतात पाठवलेल्या त्या पहिल्या डॉक्टर. संस्थानात गोषाची चाल होती. शहरातल्या मुसलमान घरांत आणि उच्चवर्णीय हिंदू घरांतही पुरुष डॉक्टरला बाईच्या खाटेजवळ येऊ देत नसत. दलित वस्तीत गोषा नव्हता, पण तिथे डॉक्टरच येत नसे. शेलेनबर्ग बाई दोन्हीकडे गेल्या. ह्यूजटाउन, नागरकर्नूल आणि शेवटी शमशाबाद येथे त्यांनी दवाखाने चालवले. बाळंतपणे, हिवताप, पटकी, विंचूदंश, नारू अशा साऱ्या दुखण्यांना त्यांचे दार उघडे असे. लग्न त्यांनी केले नाही आणि निवृत्त होऊन मायदेशीही गेल्या नाहीत. १ जानेवारी १९४५ रोजी शमशाबाद येथे त्यांचे निधन झाले. भारतात त्यांची सदतीस वर्षे गेली होती. आज शमशाबाद म्हटले की मराठी माणसाला हैदराबादचे विमानतळ आठवते. २००८ मध्ये ते सुरू झाले तेव्हा मिशनचे आवार तिथे कित्येक दशकांचे जुने होते.

डॉक्टरबाईंची नोंद इतिहासात झाली, ती योग्यच झाली. संस्थेच्या वाटचालीत त्यांच्या बरोबरीने मोजावे लागेल असे दुसरे काम बायबल स्त्रियांनी केले. या बहुधा स्थानिक तेलुगू स्त्रिया, अनेकदा विधवा किंवा गावपाळकाच्या, म्हणजे गावच्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या, बायका. वाचायला शिकलेल्या, थोडे गाणे येणाऱ्या, आणि पंचक्रोशीत कोणाच्या घरी काय चालले आहे याची पुरती खबर ठेवणाऱ्या. मिशनरी बाईला, तिकडच्या भाषेत दोरसानीला, कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी गेले की बायका भेटतील हे याच सांगत. सकाळी बायका शेतावर जायच्या, तेव्हा भेटीची वेळ उन्हे कलल्यानंतरची. मिशनच्या अहवालांत त्या पुष्कळदा आकड्याने येतात, नावाने कमी. पण मंडळी एका घरातून दुसऱ्या घरात गेली ती त्यांच्या पायांनी. बाळंतिणीच्या खोलीत, पाणवठ्यावर, जात्याशी जी ओळख होते ती प्रवचनाने होत नाही, हे मिशनऱ्यांनाही उमगले होते. अनेक पुरुष धर्मप्रचारकांच्या कामामागे त्यांच्या बायकांचे हे विनामोबदला काम होते, आणि ते हिशेबात कधी धरले गेले नाही.

मंडळीत आलेली कुटुंबे बहुतांशी माला आणि मादिगा या दलित जातींतली. मराठवाड्यातल्या किंवा बिदरमधल्या वाचकाला महार आणि मांग या समाजांची गावातली जागा आठवली, तर चित्र समजायला सोपे जाईल. गावाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, मेलेली गुरे ओढण्याचे काम, आणि सुगीत मालकाच्या खळ्यावरून मिळणारे बलुत्याचे दाणे. बाईला मजुरी मुख्यतः धान्याच्या रूपात मिळे, तीही पुरुषापेक्षा कमी. पालमूरची जमीन कोरडवाहू, पावसाचा भरवसा नाही. ज्वारी, एरंड, भुईमूग ही मुख्य पिके. एरंडाच्या लागवडीसाठी तर हा जिल्हा देशात नावाजलेला. शेंगा तोडणे, बोंडे सुकवणे, बी काढणे ही सारी बाईची कामे. मोलोच्नाच्या मेनोनाइट मुलीला बापाच्या शेतात वाटा होता. पालमूरच्या मेनोनाइट मुलीच्या बापाला शेतच नव्हते. पुढे ख्रिस्ती कुटुंबांना लागू झालेला १९२५ चा भारतीय वारसा कायदाही मुलीला मुलाबरोबर समान हिस्सा देतो, पण वाटणीला जमीनच नसेल तर कायदा काय करणार? मंडळीच्या इतिहासातला हा सर्वांत जड भाग आहे, आणि मिशनच्या कोणत्याही योजनेने तो पुरता हलका झाला नाही.

या परिस्थितीत मुलींच्या शाळा ही मिशनची मोठी कामगिरी ठरली. नागरकर्नूल, शमशाबाद, महबूबनगर आदी ठाण्यांवर वसतिगृहांसह शाळा चालत. लोक त्यांना बोर्डिंगच म्हणत. हेलन वॉर्केंटिन यांच्यासारख्या शिक्षिकांनी त्यात दीर्घ काळ काढला, मार्गरेट सुडरमन यांच्यासारख्या परिचारिकांनी दवाखाने सांभाळले. मुलगी बोर्डिंगला पाठवणे म्हणजे घरातले दोन कामाचे हात कमी करणे. धाकट्या भावंडाला कोण घेणार, शेण कोण गोळा करणार, हे प्रश्न आईसमोर असत. तरी आयांनी मुली पाठवल्या. यामागे आणखी एक कारण होते. या पट्ट्यात, बिदर-गुलबर्ग्यासह, यल्लम्मेच्या नावाने दलित मुली सोडण्याची चाल होती. आपल्याकडे ज्यांना जोगतिणी म्हणतात त्यांना तिकडे जोगिनी म्हणत. आंध्र प्रदेशात १९८८ च्या कायद्याने तिला बंदी आली. मंडळीत आलेल्या घरांनी ती प्रथा कितीतरी आधी नाकारली होती. शिकलेल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, आणि ज्या शिकून पुन्हा शेतावरच गेल्या त्यांनी निदान मजुरीचा हिशेब स्वतः वाचला.

१९२० मध्ये नागरकर्नूल येथे बायबल पाठशाळा सुरू झाली. १९३० मध्ये ती शमशाबादला हलली आणि पुढे तेथील बायबल महाविद्यालयात तिचे रूपांतर झाले. उद्देश गावपाळक तयार करण्याचा होता. पाळक सहकुटुंब राहायला येई आणि त्याच्या पत्नीलाही अक्षरओळख, शिवणकाम, आरोग्याचे नियम शिकवले जात. शिकलेला नवरा आणि निरक्षर बायको अशी जोडी गावात टिकत नाही, हा व्यवहारी विचार त्यामागे होता. स्त्रीचा विचार पत्नी म्हणून झाला, स्वतंत्र कार्यकर्ती म्हणून नाही, हेही खरे.

पहिल्या महायुद्धाने आणि रशियन क्रांतीने नलगोंड्याच्या बाजूला रशियातून येणारा पैसा आटला. ज्या मोलोच्नाने इथल्या शाळा चालवल्या तिथेच १९२१-२२ मध्ये भीषण दुष्काळ पडला. रशियातल्या उपाशी बांधवांसाठी अमेरिकेतील मेनोनाइटांनी १९२० मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी स्थापली. नलगोंड्याचे काम बॅप्टिस्ट व्यवस्थेतच राहिले. अमेरिकन मेनोनाइट ब्रदरन मिशनचे क्षेत्र मात्र वाढत गेले. १९३७ हे वर्ष त्यात निर्णायक. बॅप्टिस्ट मिशनला आर्थिक ओढाताणीमुळे महबूबनगर आणि गदवाल ही ठाणी चालवणे जड जात होते. ती मेनोनाइट ब्रदरन मिशनने घेतली. महबूबनगरचे ठाणे एल्बर्ट च्यूट या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने १८८५ पासून उभारलेले, म्हणजे तयार मंडळ्याच हाती आल्या. तिथे जॉन वीबे आणि त्यांच्या पत्नी व्हायोला यांची नेमणूक झाली. व्हायोला या डॅनियल बर्गथोल्ड यांच्या कन्या. त्यांचे बालपण याच तेलुगू मुलखात गेलेले. त्यांनी पुढे इंग्रजीत आठवणी लिहिल्या आणि त्यांचे चिरंजीव पॉल वीबे यांनी महबूबनगरच्या मेनोनाइटांवर समाजशास्त्रीय ग्रंथ लिहिला. शमशाबादेत १९३२ मध्ये जन्मलेले पॉल हीबर्ट हे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजले. ते १८९९ च्या पहिल्या तुकडीतल्या निकोलाय हीबर्ट यांचे नातू, आणि त्यांचा कोंडूरू या गावाचा अभ्यास याच परिसरातला. एका लहान मिशनने दोन नामांकित अभ्यासक द्यावेत ही गोष्ट साधी नाही.

येथे थोडे वळण घेऊन भारतातल्या दुसऱ्या मेनोनाइट शाखेचा उल्लेख करणे योग्य होईल, कारण तिचा संबंध नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांताशी येतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून निराधार मुली केडगावला आणत होत्या. त्याच दुष्काळाच्या बातम्यांनी अमेरिकन मेनोनाइटांचे लक्ष भारताकडे वळले. १८९९ च्या मार्चमध्ये त्यांचे तीन मिशनरी मुंबईत उतरले आणि आजच्या छत्तीसगडमधील धमतरी येथे गेले. लगेचच पुन्हा दुष्काळ पडला आणि शेकडो अनाथ मुले त्यांच्या पदरात आली. मुले मोठी झाल्यावर त्यांनी जगायचे कसे, या प्रश्नाला उत्तर म्हणून मिशनने १९०६ मध्ये बालोदगहन हे गावच मालगुजारीने विकत घेतले. तिथे ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे वसवली, विधवांसाठी आश्रम आणि मुलींची शाळा काढली. मिशन स्वतः मालगुजार झाले, म्हणजे धर्मगुरूच सारा वसूल करू लागला. यातून कुरबुरीही उद्भवल्या आणि मालगुजारी रद्द झाल्यावरच तो प्रश्न मिटला. पण बालोदगहनच्या बाईला निदान कसायला स्वतःच्या घराची जमीन मिळाली. पालमूरमध्ये असे गाव वसवले गेले नाही. निजामी संस्थानात जमीन देशमुख आणि संस्थानिकांच्या मुठीत होती. वनपर्ती आणि गदवाल ही तर निजामाची मांडलिक संस्थाने होती.

१९४६ पासून नलगोंडा परिसरात शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला, रझाकारांचे अत्याचार झाले, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले. शस्त्र न धरणे हा मेनोनाइटांचा मूळ बाणा. त्याची शिकवण मात्र मिशनऱ्यांनी या भागात फारशी पुढे आणली नव्हती, आणि ही उणीव मानावी लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. नंतर त्या शीख आणि बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मिळाल्या नाहीत. आंध्र प्रदेशात त्यांच्यासाठी मागासवर्गीयांत ‘क’ हा वेगळा गट करून एक टक्का आरक्षण ठेवण्यात आले. त्यामुळे कित्येक घरांत कागदोपत्री एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी स्थिती झाली. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचे हा निर्णय पुष्कळदा आईलाच घ्यावा लागे, आणि तिने तो लेकरांच्या भाकरीकडे पाहून घेतला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची त्रिभागणी झाली. बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले, महबूबनगर आंध्र प्रदेशात गेले. गुलबर्ग्याचे कोडंगल आणि तांडूर तालुके आंध्रला जोडले गेले, बिदरचे जहीराबाद-नारायणखेड तिकडे, आणि उदगीर-निलंगा-अहमदपूर मुंबई राज्यात आले. मंडळीची माणसे नव्या राज्यसीमेच्या एका बाजूला राहिली, पण लेकी-सुना, बाजार आणि मजुरीची वाट सीमा ओलांडूनच चालू राहिली.

त्याच दशकात जडचर्ला येथे मिशनचे मोठे रुग्णालय उभे राहिले. शेलेनबर्ग बाईंच्या दवाखान्याचा वारसा त्याने पुढे चालवला. डॉ. जेकब फ्रीसन यांनी त्याची घडी बसवली आणि नंतर डॉ. पी. बी. अर्नोल्ड या भारतीय डॉक्टरांनी दीर्घ काळ धुरा सांभाळली. परिसरातल्या स्त्रियांना बाळंतपणासाठी हे हक्काचे ठिकाण झाले. मंडळीतल्या मुलींना परिचारिका होण्याचा मार्ग घराजवळ मिळाला. शेतमजुरीतून बाहेर पडण्याचा तो सर्वांत खात्रीचा रस्ता होता, आणि पगार हाती आला की पहिले कौलारू किंवा सिमेंटचे घर त्या मुलीच्या पैशावर उभे राही.

हळूहळू परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणे कठीण झाले आणि मंडळीचा कारभार भारतीयांकडे आला. महबूबनगर हे तिचे मुख्य ठिकाण झाले. मालमत्तेचे हस्तांतर सोपे गेले नाही. आवारातल्या जमिनींची किंमत वाढली तसे निवडणुका आणि व्यवस्थापनाचे वाद कोर्टापर्यंत गेले, काही शाळा आणि दवाखाने खंगले. अशा काळात गावागावांतली उपासना टिकली ती मुख्यतः महिला मंडळांमुळे. रोजचा स्वयंपाक चुलीवर चढवताना मूठभर तांदूळ बाजूच्या मडक्यात टाकायचा आणि रविवारी ते मंडळीत न्यायचे, ही तेलुगू ख्रिस्ती घरांतली रूढ पद्धत. मराठी संतपरंपरेतली मूठभर माधुकरी आठवावी असा हा प्रकार. अमेरिकेतून येणारा पैसा कमी झाल्यावर कित्येक गावपाळकांचे पोट या मुठींवर चालले. जी बाई दिवसाच्या मजुरीवर जगत होती तिनेच पाळकाला पोसले. मंडळी स्वावलंबी झाली असे कागदपत्रांत लिहिले जाते, त्याचा प्रत्यक्ष अर्थ हा.

पालमूरच्या मजुरांचे स्थलांतर याच काळात देशभर परिचित झाले. मेस्त्री उचल देऊन टोळ्या बांधत आणि धरणे, कालवे, रस्ते यांच्या कामांवर दूरदूर नेत. महाराष्ट्रातल्या अनेक धरणांच्या बांधावर पालमूरच्या बायकांनी डोक्यावरून माती वाहिली आहे. बीड-उस्मानाबादच्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना उचल, कोयता आणि मुकादम या साखळीत बाईचे काय होते ते सांगायला नको. टोळीतल्या ख्रिस्ती बायका रविवारी पालासमोर गोळा होऊन तेलुगू गीते म्हणत आणि प्रार्थना करीत. जेथे टोळी तेथे मंडळी. म्हातारी मागे गावात राही, नातवंडे सांभाळी आणि प्रार्थनामंदिराचे दार उघडे ठेवी.

१९६३ मध्ये भारतातील मेनोनाइट आणि ब्रदरन इन क्राइस्ट मंडळ्यांनी सेवाकार्यासाठी एक संयुक्त संघटना स्थापली. तिच्या आधाराने अखिल भारतीय मेनोनाइट महिला परिषदही आकाराला आली. तेलुगू, छत्तीसगडी-हिंदी, बंगाली, ओडिया बोलणाऱ्या स्त्रिया या परिषदांत एकत्र आल्या. अनेकींनी आपला जिल्हा सोडून दुसरा प्रदेश पहिल्यांदा पाहिला तो या निमित्ताने. जानेवारी १९९७ मध्ये जागतिक मेनोनाइट परिषदेचे अधिवेशन कोलकात्यात भरले. जगभरातून आलेल्या प्रतिनिधींबरोबर पालमूरच्या शेतमजूर बायकाही मंडपात बसल्या. मेनोनाइट जगाचा तोल युरोप-अमेरिकेकडून आफ्रिका आणि आशियाकडे झुकला आहे, हे त्या अधिवेशनात सर्वांनाच दिसले.

२०११ च्या जनगणनेतही संयुक्त आंध्रात सर्वांत कमी साक्षरता महबूबनगर जिल्ह्यातच होती. २०१४ मध्ये तेलंगण झाले, पुढे जुना जिल्हा तुकड्यांत विभागला गेला, नागरकर्नूल, वनपर्ती, गदवाल आणि २०१९ मध्ये नारायणपेठ हे स्वतंत्र जिल्हे झाले. मंडळीची जुनी ठाणी अशी एकेक करून जिल्ह्याची गावे बनली. जुराला प्रकल्प आणि कलवकुर्ती उपसा सिंचन यांमुळे कृष्णेचे पाणी काही शिवारांत पोचले. एरंड आणि ज्वारीच्या जागी भात आणि कापूस आला, आणि पाणी आले तिथले स्थलांतर काहीसे ओसरले. लावणीची मजुरी आता बायका टोळीने ठरवतात आणि रोख घेतात. नातींच्या हातात परिचारिकेची, शिक्षिकेची, क्वचित संगणकाची पदवी आहे. हैदराबादच्या उपनगरांत मेनोनाइट ब्रदरन मंडळीच्या शाखा वाढल्या आहेत, आणि त्यांच्या महिला सभा भरण्याची वेळ आता शेतावरून परतण्यावर ठरत नाही, कचेरी सुटण्यावर ठरते.

शमशाबादच्या महाविद्यालयात आज मुलीही धर्मशास्त्र शिकतात. मुलांचे वर्ग, महिला मंडळे, रुग्णांच्या भेटी, नवसाक्षरांचे शिक्षण ही कामे त्या चालवतात. काही गावांत उपासनेत वचन सांगण्याचे कामही त्यांच्याकडे येते. पाळकपदाची दीक्षा आणि मंडळीच्या कारभाराची सूत्रे परंपरेने पुरुषांकडेच आहेत. हा विषय महिला परिषदांत आता उघडपणे बोलला जातो, आणि बोलणाऱ्यांत बायबल स्त्रियांच्या नाती-पणत्याही आहेत.